कोंडीची दोन टोकं

२८ जुलै २०१८, शनिवार. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांना घेऊन महाबळेश्वरला निघालेली बस पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटात दरीत कोसळली. ३० माणसं गेली, एकच वाचला. १९ जानेवारी २०२३. माणगाव तालुक्यात रेपोलीजवळ मुंबई-गोवा महामार्गावर भल्या पहाटे ट्रक आणि ईको गाडीची समोरासमोर धडक झाली. ९ जण जागीच ठार झाले. महाड-पोलादपूरकडची माणसं हे दोन्ही दिवस विसरलेली नाहीत. रस्ते वेगळे, अपघातांची तऱ्हा वेगळी. पण दोन्ही वेळी गाड्या धावत होत्या, कोंडीत अडकलेल्या नव्हत्या.

याच महामार्गावर गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस आठवा. इंदापूर, माणगाव, लोणेरे, जिकडे पाहावं तिकडे गाड्याच गाड्या. मुंबईहून रात्री निघालेला चाकरमानी सकाळी उजाडल्यावरही माणगावातच. लाखो माणसं एकाच रस्त्यावर, सगळे वैतागलेले, गाडीला गाडी चिकटलेली. ‘ट्रॅफिक वाढलं की अपघात वाढतात’ हे आपलं नेहमीचं वाक्य सरळसोट खरं असतं, तर जीवघेण्या अपघातांची सर्वांत मोठी रांग याच कोंडीच्या पोटात लागायला हवी होती. तशी ती लागत नाही. मग कोंडी आणि अपघात यांचं नातं नेमकं आहे तरी काय?

तीन रस्ते, तीन तऱ्हा

हे समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. पोलादपूर-माणगाव या टापूत तिन्ही प्रकारचे रस्ते सापडतात.

पहिला रस्ता पोलादपूरहून ढवळ्याकडे जाणारा, वाटेत तानाजी मालुसऱ्यांची समाधी असलेलं उमरठ लागतं तो. अरुंद, वळणावळणाचा, एरवी निवांत. एसटी, शाळेची पोरं, दुचाक्या आणि समाधीच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्या. पुण्यतिथीचा सोहळा सोडला तर इथे गर्दी म्हणावी अशी नसतेच. अशा रस्त्यावरचा अपघात बहुधा एकाच गाडीचा असतो. शेवाळलेल्या कडेवर दुचाकी घसरते, वळण चुकतं, अंधारात गुरं आडवी येतात. धडकायला दुसरी गाडी नसते, आणि वेळेवर मदतीला येणारंही कुणी नसतं. आंबेनळी घाट याच जातीचा. अपघातांची संख्या कमी, पण झाला तर जीवावर बेतणारा.

दुसरा रस्ता म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग अनेक वर्षं जसा होता तसा: दुपदरी, मधे दुभाजक नाही, वाहतूक भरपूर पण वाहती. महाडच्या औद्योगिक वसाहतीत जाणारे टँकर, कंटेनर, एसटी, मोटारी, मिनीडोर, दुचाक्या, सगळे एकाच पट्ट्यात. इथला खरा धोका ओव्हरटेकचा. ताशी ४० किलोमीटरने चाललेल्या टँकरला ६० च्या वेगाने मोटार मागे टाकते आहे असं धरा. वेगातला फरक २० किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. टँकरची लांबी आणि पुढचं-मागचं अंतर मिळून ५० मीटर पार करायला ९ सेकंद लागतात. तेवढ्यात मोटार १५० मीटर पुढे जाते आणि समोरून ७० ने येणारी गाडी १७५ मीटर जवळ येते. म्हणजे सव्वातीनशे मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. कोकणातल्या वळणांवर एवढा सरळ तुकडा मिळतो तरी कुठे? आणि वाहतूक जसजशी दाट होते, तसतसं मागे खोळंबलेल्यांची संख्या वाढते आणि समोरच्या दोन गाड्यांमधली फट मात्र लहान होत जाते. ओव्हरटेकची घाई सर्वांत जास्त आणि त्यासाठी जागा सर्वांत कमी, अशी स्थिती इथेच येते.

तिसरा रस्ता म्हणजे सणासुदीचं माणगाव. निजामपूर रस्ता आणि मोर्बा रस्ता बाजारातच महामार्गाला येऊन मिळतात. एसटी स्टँड तिथेच, रिक्षा तिथेच, काळ नदीवरचा पूलही तिथेच. कोंडी झाली की कुणीतरी लाईन तोडतो आणि उजवीकडून पुढे घुसतो. त्याच्यामागे दहा जण. समोरून येणाऱ्यांची वाट बंद होते आणि मग दोन्ही बाजू जागच्या जागी थिजतात. इथे अपघात होतात का? भरपूर. बंपर घासतात, आरसे तुटतात, दुचाकीवाला दोन गाड्यांच्या मधून काढताना पडतो, भांडणं होतात. पण ताशी ५-१० किलोमीटरच्या वेगाने चाललेल्या गाड्यांच्या धडकेत गाडीतला माणूस सहसा मरत नाही.

वाहतूक वाढते तसे एकट्या गाडीचे अपघात कमी होतात आणि दोन-चार गाड्यांच्या धडका वाढतात. पूर्ण कोंडी झाली की धडकांची संख्या वाढलेलीच राहते, पण त्यांचा घातकपणा एकदम खाली येतो. कोंडीचा अपघातांवरचा परिणाम मोजताना ‘किती अपघात?’ आणि ‘किती बळी?’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात, ते यासाठी.

टाळेबंदीने दाखवलेलं सत्य

हे तपासायचं तर रस्ते एकाएकी रिकामे करून पाहायला हवेत. एरवी कोण करणार? कोरोनाच्या टाळेबंदीने ते केलं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या त्या काळच्या अहवालांनुसार २०१९ मध्ये देशात ४,४९,००२ अपघात झाले आणि १,५१,११३ माणसं गेली. २०२० मध्ये अपघात ३,६६,१३८ वर आले, बळी १,३१,७१४. दोन्ही आकडे घटले. पण सारख्या प्रमाणात घटले नाहीत. २०१९ मध्ये दर १०० अपघातांमागे सुमारे ३४ बळी होते, २०२० मध्ये ते ३६ झाले. अमेरिकेत तर याहून धक्कादायक घडलं. त्या वर्षी तिथे वाहनांचा एकूण प्रवास लक्षणीय घटला, तरी बळी ३६ हजारांवरून जवळपास ३९ हजारांवर गेले. रस्ते मोकळे मिळाले आणि लोकांनी वेग वाढवला.

कारण भौतिकशास्त्रात आहे. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. ताशी ५० किलोमीटरने भिंतीवर आदळणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. ८० ने आदळणं म्हणजे आठव्या मजल्यावरून. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रस्त्यावरचा सरासरी वेग १ टक्का वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो. आपल्या देशात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर मेली. त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. महाराष्ट्राचा त्या वर्षीचा हिशेब ३३,३८३ अपघात आणि १५,२२४ बळी असा आहे. म्हणजे १०० अपघातांमागे ४५ हून जास्त जीव, देशाच्या सरासरीच्या बऱ्याच वर. गर्दीने गच्च भरलेल्या मुंबईत हे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा खूप कमी असतं. मारणारे रस्ते आहेत ते बाहेरचे, धावते.

मग कोंडी निर्दोष ठरते का? नाही. लंडनमध्ये फेब्रुवारी २००३ पासून शहराच्या मध्यभागात गाडी नेण्यावर कर बसला. गाड्या कमी झाल्या आणि त्यासोबत अपघातही घटले, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. त्याच शहराला वळसा घालणाऱ्या एम-२५ या द्रुतगती मार्गावरच्या २००९ च्या अभ्यासात मात्र कोंडीचा अपघातांच्या संख्येवर फारसा परिणाम आढळला नाही. एकाच शहराच्या आत एक उत्तर आणि बाहेर दुसरं. याचा अर्थ असा की कोंडीचा परिणाम ती कुठल्या रस्त्यावर आहे आणि तिच्या आसपास वेग किती आहे, यावर ठरतो. शहरात चहूकडे वेग कमीच असतो. महामार्गावर कोंडीच्या एका टोकाला शून्य वेग असतो आणि दुसरीकडून ८० चा वेग तिच्यावर चालून येत असतो. खरा धोका तिथे आहे.

शेपटाशी काय घडतं

कोंडीचं मागचं टोक स्थिर नसतं. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी २३० मीटर घेराच्या वर्तुळाकार मार्गावर २२ गाड्या ताशी ३० किलोमीटरने सोडल्या. रस्त्यात अडथळा नाही, सिग्नल नाही, पूल नाही. थोड्याच वेळात कुणीतरी किंचित ब्रेक दाबला, मागच्याने थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि कोंडी तयार झाली. ती कोंडी मग ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे सरकत राहिली. कारणावाचून कोंडी कशी होते हे तर यातून कळलंच, शिवाय कोंडीचं शेपूट मागून येणाऱ्याच्या दिशेने चालत येतं हेही दिसलं. काल जिथे रांग संपली होती तिथे आज ती संपेलच असं नाही. पाच मिनिटांपूर्वीचीही खात्री नाही.

आता कशेडी घाटाच्या जुन्या वाटेवरचं एखादं वळण डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्याची रात्र, धुकं, चढ. वळणापलीकडे एक कंटेनर बंद पडलाय आणि त्याच्यामागे दहा गाड्या उभ्या आहेत. अलीकडून एक मोटार ८० ने येते. या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. उभी रांग दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला की ३३ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ मीटर लागतात आणि ओल्या रस्त्यावर साठच्या वर. म्हणजे पावसात एकूण शंभरेक मीटर. वळणावरून दिसतात चाळीस-पन्नास. भरलेल्या ट्रकची गोष्ट तर याहून वाईट. हीच मोटार ४० ने आली असती तर कोरड्यात २६ मीटरमध्ये थांबली असती, ओल्यातही पस्तीसेक मीटरमध्ये.

देशातल्या अपघातांत सर्वांत मोठा वाटा मागून धडकण्याचा आहे, २०२२ मध्ये २१ टक्क्यांहून जास्त. समोरासमोरच्या धडका त्याच्या खालोखाल. मागून बसणारी धडक म्हणजे वेगातल्या फरकाचा अपघात. पुढचा ४० ने जातोय आणि मागचा ४५ ने, तर बंपर जातो. पुढचा उभा आहे आणि मागचा ८० ने येतोय, तर माणूस जातो. कोंडीच्या पोटात सगळे सारखेच मंद असतात. कोंडीच्या शेपटाशी तसं नसतं.

तोंडाशी काय घडतं

दुसरं धोक्याचं टोक म्हणजे जिथे कोंडी फुटते तिथलं. तीन तास माणगावात तापलेला ड्रायव्हर लोणेऱ्याच्या पुढे रस्ता मोकळा दिसला की पाय जोरात दाबतो. गेलेला वेळ भरून काढायचा असतो. या हिशेबाची उलटतपासणी करू. पुढचे ६० किलोमीटर ६० च्या वेगाने गेलं तर एक तास लागतो आणि ८० ने गेलं तर ४५ मिनिटं. तीन तास गेले, त्यातली १५ मिनिटं परत मिळाली. आणि १ टक्क्याला ४ टक्के हे माप लावलं, तर ज्या रस्त्यावर सगळ्यांचाच सरासरी वेग ६० वरून ८० वर गेला, तिथे जीवघेण्या अपघातांचा धोका तिपटीहून जास्त होतो. पंधरा मिनिटांसाठी एवढी किंमत कुणी जाणूनबुजून देणार नाही. नकळत मात्र रोज देतात.

यात भर पडते थकव्याची. कोंडीमुळे सहा तासांचा प्रवास दहा तासांचा होतो. क्लच-ब्रेक करून पाय भरून येतात. रात्री निघालेल्याची पहाट गाडीतच उजाडते आणि पहाटेची वेळ झोपेची असते. अशा वेळी गाडी मोकळ्या रस्त्यावर असते, ड्रायव्हर अर्धा झोपेत असतो. तो अपघात कोंडीच्या नावावर नोंदला जात नाही, पण त्याची सुरुवात कोंडीतच झालेली असते.

कोंडीचा आणखी एक बळी मोजलाच जात नाही. उमरठ-ढवळ्याकडच्या गावात अपघात झाला तर जखमीला आधी पोलादपूर किंवा महाडला आणायचं आणि जखम गंभीर असेल तर पुढे नवी मुंबईकडे न्यायचं. म्हणजे शंभरावर किलोमीटर. त्या वाटेवर माणगाव लागतं. अपघातानंतरचा पहिला तास उपचारांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा, आणि १०८ ची गाडी भोंगा वाजवत लाईनीत उभी. लाईन तोडून उजवी बाजू अडवणारा माणूस त्या वेळी नेमकं काय अडवतो, ते त्याला ठाऊक नसतं.

रस्ता रुंद झाला की प्रश्न संपतो?

चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये पनवेल-इंदापूर टप्प्यापासून सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. माणगाव, इंदापूरच्या बाह्यवळणांसाठी लोक कंटाळेपर्यंत थांबले. पोलादपूर आणि खेडला जोडणाऱ्या कशेडीच्या बोगद्यांमुळे घाटातला पाऊण तासाचा वळसा काही मिनिटांवर आला. ही कामं हवीत, लवकर हवीत. दुभाजक आला की समोरासमोरच्या धडकेचं मोठं कारण संपतं. हा फायदा लहान नाही.

पण समृद्धी महामार्गाने दिलेला धडाही लक्षात ठेवायला हवा. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. रस्ता रुंद, सरळ, मोकळा. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. कोंडी नसणं म्हणजे सुरक्षितता असणं नव्हे. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या जेमतेम २ टक्के, पण २०२२ मधले ३६ टक्के मृत्यू त्यांच्यावर झाले.

कोकणात तर या रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वस्ती आहे. शेत एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला. दुभाजकातला कट दोन किलोमीटरवर असला तर दुचाकीवाला उलट्या दिशेने येतो. सेवा रस्ता अर्धवट असला तर चालणारा महामार्गावरूनच चालतो. पूर्वी कोंडीमुळे गाड्या त्याच्याजवळून ३० ने जात होत्या, आता ९० ने जातात. कोंडीचं एक वाईट संपतं आणि वेगातल्या फरकाचं दुसरं वाईट सुरू होतं. देशातल्या अपघाती मृत्यूंत ४४ टक्के दुचाकीवरचे आणि १९ टक्क्यांहून जास्त पायी चालणारे आहेत. हायवेलगतच्या गावातली माणसं बहुतेक याच दोन गटांत मोडतात.

उपाय आहेत आणि चालतात

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ बळी गेले होते. त्यानंतर कठडे बसवणं, धोक्याच्या जागा दुरुस्त करणं, वेगावर आणि लेनच्या शिस्तीवर कारवाई, जखमींना लवकर मदत, अशी कामं एकत्र केली गेली. २०१९ मध्ये बळी ९२ वर आले. गाड्या काही कमी झाल्या नव्हत्या. एम-२५ वर १९९५ पासून गर्दी वाढताच फलकांवरची वेगमर्यादा खाली येते. पुढे कोंडी असेल तर मागच्यांना दूरवरच मंद केलं जातं. तिथे त्याने जखमी होण्याचे अपघात कमी झाले. गाड्यांची संख्या तीच ठेवून वेगातला फरक कमी करता येतो, हे दोन्ही ठिकाणी दिसलं.

आपल्या टापूत याचा अर्थ साधा आहे. सणाच्या दिवसांत पोलीस कोंडीच्या तोंडाशी, नाक्यावर उभे असतात. तिथे ते हवेतच. पण दिवे लावलेली एक गाडी रांगेच्या शेपटाच्या अर्धा किलोमीटर मागेही हवी आणि रांग वाढेल तशी तिने मागे सरकत जायला हवं. बोगद्याच्या तोंडाशी आणि वळणांच्या आधी वेग मोजणारे कॅमेरे हवेत, आणि तेही दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजणारे, म्हणजे कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून सुटता येणार नाही. सेवा रस्ते आणि पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग महामार्गासोबतच पूर्ण व्हायला हवेत. रस्ता सुरू, सेवा रस्ता नंतर, हे चालू देता कामा नये. ज्या गावांना हे भोगावं लागतं त्यांनी ग्रामसभेत ठराव करून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवावा. ‘कोंडी सोडवा’ एवढीच मागणी अर्धी मागणी आहे. ‘कोंडी सोडवा आणि वेग आवरा’ ही पूर्ण मागणी.

आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने काही गोष्टी आजपासून कराव्यात. पुढे रांग दिसली की चारही इंडिकेटर लावा आणि मागची गाडी मंद होईपर्यंत आरशावरची नजर काढू नका. पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचं अंतर ठेवा, पावसात चार. लाईन तोडू नका. कोंडीतून सुटलात की पहिल्या चांगल्या जागी थांबा, चहा घ्या, तोंडावर पाणी मारा आणि घरी फोन करून सांगा की उशीर होईल. अपघात दिसला तर १०८ किंवा ११२ ला फोन करा आणि जखमीला मदत करा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेलं १३४ अ हे कलम मदत करणाऱ्याला कायदेशीर संरक्षण देतं. नाव सांगायची सक्तीदेखील तुमच्यावर करता येत नाही. कोंडीत गेलेला वेळ गेला, तो वेगाने परत येत नाही. गणपतीला पोहोचायला उशीर झाला तरी चालेल, पण पोहोचा.